शीतघरातले प्रवासी

डिस्क-ड्राइव्हचा लाल दिवा आधी लागतो आणि लिहिणं नंतर सुरू होतं. मधे मोटर गती घेते, चकती फिरू लागते, लिहिणारं टोक सरकत आपल्या रेघेवर येतं आणि मगच पहिलं अक्षर उमटतं. हे सगळं एका श्वासाच्या आत होतं. खरं तर यंत्राला तेवढाही वेळ लागत नाही. त्यातला निम्मा वेळ उमेहारा चिझुरुनं स्वतः घातलेला होता.

दोन वर्षांपूर्वी 'ताऱ्यांची गोदी' हा खेळ तिनं लिहिला तेव्हाची ही गोष्ट. खेळणाऱ्यानं सहा जणांचा चमू जमवायचा, प्रत्येकाला नाव द्यायचं, डोळे-नाक-केस निवडून चेहरा द्यायचा आणि जहाज घेऊन एका ताऱ्याच्या बंदराहून दुसऱ्याच्या बंदरावर जायचं. वाटेत कुणी लढाईत मेला, कुणी हवा संपून मेला, तर यंत्र ते ताबडतोब डिस्कवर लिहून टाकी. मेलेला परत येत नसे. हा नियम चिझुरुचाच होता आणि त्यावर ती ठाम होती. फक्त शेवटच्या आठवड्यात तिनं दिवा आणि लिहिणं यांच्या मधे ती जराशी फट ठेवली. बोटं चपळ असतील तर तेवढ्यात ड्राइव्हचा खटका ओढून डिस्क सोडवता येई आणि मरण लिहिलंच जात नसे. माहितीपुस्तकात तिनं याचा उल्लेख केला नाही. महिन्याभरात एका मासिकानं वाचकांच्या पानावर ही युक्ती छापली.

मेलेली माणसं जहाजाच्या तळाशी शीतघरात जात. ही कल्पना कंपनीचे मालक तोकिएदा यांची. आधी ते हाकोदातेच्या माकूळ पकडणाऱ्या बोटींना मासे शोधायची यंत्रं विकत आणि दुरुस्त करत. बोटीला शीतघर नसतं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसतच नव्हती. खेळणाऱ्यानं तिथे उतरून एकेक खण ओढला की चेहरा दिसे, नाव दिसे, शेवटच्या प्रवासाच्या चार ओळी दिसत. या खणांचा खेळात काडीचा उपयोग नव्हता.

आता दुसरा भाग तयार होता. पहिल्या भागातला आपला चमू दुसऱ्या भागात नेता येईल असं खेळाच्या खोक्यावरच छापलं होतं. खोकं दोन डिस्कचं होतं, तेही छापून आलं होतं. आणि दुसऱ्या डिस्कवर घोडं अडलं होतं. तिथे शीतघर तरी बसत होतं, नाहीतर दोन सूर्यांचा ग्रह तरी. दोन्ही एकत्र बसत नव्हती.

दोन सूर्यांचा ग्रह हे चिझुरुचं लाडकं काम. सेन्दाईच्या विद्यापीठात तिनं जोडताऱ्यांचा अभ्यास केला होता. या ग्रहावर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडत, एक निळी आणि एक तांबूस, आणि खेळात वेळ पुढे जाई तशा त्या खरोखरच्या गणितानं सरकत. यंत्राकडे रंग आठच. कंपनीचा चित्रकार हानावा यानं ठिपक्यांत ठिपके मिसळून त्यातून संध्याकाळ काढली होती. हानावा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. वय सव्वीस, तोंडाला कुलूप नाही.

खोलीतल्या फळ्यावर त्यानंच उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन वर्तुळं काढली होती. एकात लिहिलं होतं 'मेलेले', दुसऱ्यात 'दोन सूर्य'. खाली लिहिलं होतं, 'उमेहारा-सान ठरवतील'. उन्हाळा संपला, माकुळांचा हंगाम अर्धा झाला, आणि ते घोंगडं भिजतच पडलं होतं.

"उद्या दुपारच्या फेरीबोटीनं मूळ डिस्क पलीकडच्या कारखान्यात प्रती काढायला गेली पाहिजे," तोकिएदा रविवारी सकाळी जिना चढताच म्हणाले. त्यांनी बूट काढून चपला घातल्या आणि नेहमीप्रमाणे आधी फळ्याकडे पाहिलं. "कारखाना थांबणार नाही. तुम्ही काय ठरवलंत?"

"आज लोकांच्या डिस्क बघते. मग सांगते."

"डिस्क बघून काय होणार? शीतघरं रिकामी असणार सगळ्यांची. मरू कोण देतंय? सगळे खटका ओढतात. ती फट तुम्हीच ठेवलीत ना?"

"ठेवली."

"मग झालं तर. रिकाम्या खोलीसाठी आख्खा ग्रह टाकायचा? आणि तोही असला ग्रह?"

"साहेब, तिला घाई करू नका," हानावा खिडकीशी भाताचा गोळा खात म्हणाला. "तिला जेवायला काय हवं ते ठरवायला पण अर्धा तास लागतो. काल हॉटेलवाल्यानं आपणहून शेवया आणून ठेवल्या."

"चांगल्या होत्या," चिझुरु म्हणाली.

"तेच तर. तू ठरवलं असतंस तर अजून उपाशी असतो."

ती हसली. तोकिएदांचं म्हणणं चुकीचं आहे असं तिला वाटत नव्हतं. तिनं फक्त ते तपासलेलं नव्हतं, आणि न तपासलेल्या गोष्टीवर सही करणं तिला जमत नसे.

खाली कंपनीच्याच दुकानाच्या दारावर दोन आठवडे कागद लावलेला होता: 'ताऱ्यांची गोदी' खेळणाऱ्यांनी आपापली डिस्क घेऊन यावं, नव्या खेळात चमू नीट जातो का ते तपासून मिळेल, आणि नवा खेळ सगळ्यांच्या आधी बघायला मिळेल. दहा वाजता दार उघडलं तेव्हा बाहेर बरीच माणसं उभी होती.

सगळ्यात पुढे औषधाच्या दुकानाचे मालक मिनेगिशी. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, डिस्कला प्लॅस्टिकची स्वतंत्र डबी. "माझा एकही माणूस मेलेला नाही," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. "मासिकात ती खटक्याची युक्ती छापून आली ना, ती मीच पाठवली होती."

"बघा," तोकिएदा चिझुरुच्या कानाशी म्हणाले.

तिनं डिस्क घातली. चमू एकेक करून नव्या खेळात उतरू लागला. कप्तान आला, यंत्रज्ञ आला, वैद्य आला, आणि तिथे सगळं थांबलं. पडदा गोठला. चिझुरुनं डिस्कवरचं मूळ लिखाण उघडून पाहिलं.

"मिनेगिशी-सान, या वैद्याच्या वेळी खटका जरा उशिरा ओढलात का?"

"असेल. शिंक आली होती तेव्हा. पण वाचला तो."

"अर्धा वाचलाय. जिवंत माणसांच्या यादीतून त्याचं नाव गेलंय आणि मेलेल्यांत आलेलं नाही. लिहिताना मधेच डिस्क सुटली."

"म्हणजे आहे कुठे माझा वैद्य?"

"कुठेच नाही. तसं म्हटलं तर दारात उभा आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला. मिनेगिशींनी चष्मा पुसला. "दुरुस्त करा," ते म्हणाले.

"करते. जिवंत करायचा की मेलेला, ते तुम्ही सांगायचं. मी ठरवणार नाही. बसा जरा, विचार करा."

"वा, उमेहारा-सान," हानावा म्हणाला, "तुझा रोग आता गिऱ्हाइकांनाही लागायला लागला."

मिनेगिशी डबी मांडीवर घेऊन बाजूच्या स्टुलावर बसले. पुढची डिस्क एका शाळकरी मुलीची होती. चिझुरुनं शीतघर उघडलं आणि एकेक खण ओढू लागली. पहिला खण: तोयामा मास्तर. दुसरा: तोयामा मास्तर. तिसराही तोयामा मास्तरच.

"वर्गशिक्षक आहेत," मुलगी म्हणाली. "प्रत्येक वेळी नवीन घेते."

"तुला खटका माहीत नाही का गं?" तोकिएदांनी विचारलं.

"माहीत आहे. पण मास्तरांसाठी कोण ओढणार?"

तोकिएदाही हसले. पण त्यानंतरची डिस्क आली, आणि त्यानंतरची, आणि शीतघरं काही रिकामी निघेनात. कुणाच्या खणांत दोघं होते, कुणाच्या बरेच. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या शीतघरात त्याची तीन मांजरं होती, तिन्हींना टोप्या घातलेल्या. तोकिएदा प्रत्येक वेळी पडद्याकडे वाकून बघत आणि सरळ होत. चिझुरुच्या मनात उन्हाळाभर जे एक गृहीतक बसलेलं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत कोसळत होतं, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. चुकलेलं गृहीतक लवकर चुकलेलं बरं.

अकराच्या सुमारास ट्रामच्या गणवेशातला एक रुंद माणूस आत आला. हातात पांढरे मोजे, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. त्यानं फडक्याची गाठ सोडली. आत डिस्क होती.

"हॅलो," तो म्हणाला, "पुन्हा पाचव्या बंदरावर अडकलोय."

तो आवाज चिझुरुनं लगेच ओळखला. रोज दुपारी चार ते सहा या वेळात खेळणारे अडले की कंपनीत फोन करत, आणि फोन उचलायला वेगळं माणूस नव्हतं. जो मोकळा असेल तो उचली. या आवाजाला तिनं वर्षभर वाट दाखवली होती. तो वाट विचारी, नीट ऐकून घेई, आणि भलत्याच दिशेला जाई.

"कुदो-सान," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्ही बारीक असाल."

"फोनवर सगळेच बारीक वाटतात. मलाही वाटलं होतं तुमचे केस पांढरे असतील. इतकं शांत बोलता."

तिनं त्यांची डिस्क घातली. शीतघर उघडलं आणि हानावानं शीळ घातली. खण भरलेले होते, शेवटच्या रांगेपर्यंत.

"हे काय, कत्तलखाना चालवता का तुम्ही?"

"मी वाईट खेळतो," कुदो मोकळेपणानं म्हणाले. "ट्राम बरी चालवतो. रुळांवरून दुसरीकडे जाता येत नाही ना."

"नावं कसली आहेत ही? होराइचो, आओयागिचो, सुएहिरोचो..."

"आमचे थांबे. नावं सुचेनात. जिवंत आहेत ना सहा, ते सगळे ट्रामच्या एका बंद झालेल्या फाट्यावरचे. तिथले रूळ काढले. इथे जोरात चाललेत."

"आणि चालू थांबे सगळे मेले," हानावा म्हणाला. "कंपनीला कळवू नका."

चिझुरुनं विचारलं, "खटक्याचं तुम्हाला मीच फोनवर सांगितलं होतं. आठवतं?"

"आठवतं की. दोनदा सांगितलंत."

"मग?"

कुदोंनी उजवा हात उचलला, पांढऱ्या मोज्यातलं बोट ड्राइव्हच्या दिव्याकडे रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दिवा लाल. थांबलो." मग हात खाली घेतला. "हे असं होतं माझं. सिग्नलला बोट दाखवून बोलायची सवय. बोललं की हात मांडीवरच राहतात. लाल दिव्यात हात घालून ओढाओढ करायची हे काही अंगात नाही. घरीसुद्धा फ्रिज लावताना 'दार बंद, ठीक' म्हणतो, बायको वैतागते."

"पण माणूस जातो ना तुमचा."

"जातो. आता होराइचो गेला तो माझ्याच मूर्खपणानं. तुम्ही डावीकडे म्हणाला होतात, मी उजवीकडे गेलो. मग गेला हे लिहायला नको का? मी बघितलंय जाताना."

तोकिएदांनी विषय बदलायला टाळी वाजवली. "आता नव्या खेळातलं थोडं बघू या. हानावा, दोन सूर्य लाव."

हानावानं तोंड पुसलं आणि मोठ्या पडद्याचं यंत्र सुरू केलं. चित्र एकदम येत नसे. आधी रेघा येत, क्षितिजाची, डोंगराची, मोडक्या मनोऱ्याची, कुणी अदृश्य हातानं काढत असल्यासारख्या. मग रंग एका बिंदूपाशी सुटे आणि रेघांच्या आत पसरत जाई. रेघेत एका ठिपक्याची जरी फट राहिली तरी रंग तिथून निसटे आणि आख्खं आकाश बुडवी, म्हणून हानावानं प्रत्येक रेघ भिंगातून तपासली होती. एकही फट नव्हती. आधी निळी सावली आली, मग तांबूस. मग दोन्ही सरकू लागल्या.

मुलगी पडद्याच्या अगदी जवळ गेली. शिंपी आपल्या हाताची सावली जमिनीवर शोधू लागला.

"यातली माझी कुठली?" कुदोंनी हळूच विचारलं.

"दोन्ही," चिझुरु म्हणाली. चित्र तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण ते बघणारे चेहरे आजच पहिल्यांदा दिसत होते.

"बघा आता," तोकिएदा हळू आवाजात म्हणाले. "हे टाकणार? मी मासे शोधायची यंत्रं विकली तेव्हा लोक यंत्राकडे असे बघायचे नाहीत."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही. मग ती दुकानातल्या आपल्या टेबलाशी गेली. तिच्याकडे नव्या खेळाच्या दुसऱ्या डिस्कच्या दोन प्रती होत्या, एक ग्रहाची, एक शीतघराची. तिनं शीतघराची घेतली, कुदोंचा चमू तीवर उतरवला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"हे नवं जहाज. तळाशी जा."

कुदो बसले. दोन बोटांनी कळा दाबत ते खाली उतरले. शीतघराचं चित्र हानावानं नव्यानं काढलं होतं, दारावर बर्फाची कड होती. त्यांनी पहिला खण ओढला. चेहरा आला. त्यांनी बोट रोखलं.

"होराइचो. आहे."

दुसरा खण.

"आओयागिचो. आहे."

"सुएहिरोचो. आहे."

ते भराभर पुढे जाऊ लागले. आवाजात दुःख नव्हतं. शेवटच्या थांब्यावर गाडी तपासताना लागतो तसा तो स्वच्छ, कामाचा आवाज होता. रांगेतली माणसं मोठ्या पडद्यापाशी होती, ती एकेक करून इकडे सरकली. मुलगी म्हणाली, "माझे तिन्ही मास्तर पण येतील?" शिंपी आपली डिस्क हातात घेऊन कुदोंच्या मागे उभा राहिला. दोन सूर्यांच्या सावल्या पलीकडे सरकत राहिल्या. तिथे आता फक्त हानावा उरला होता.

कुदोंनी शेवटचा खण लावला. "दार बंद, ठीक," ते म्हणाले, आणि सगळे हसले. "जागा बरीच अडवलीय यांनी. पण ट्राममध्ये पण माणसं उभी राहतातच की. उतरवून देत नाही आपण."

स्टुलावरून मिनेगिशी उठले. डबी त्यांच्या हातात होती.

"उमेहारा-सान, माझं शीतघर रिकामंच दिसेल, नाही?"

"हो."

"दार उघडायचं आणि नुसते खण."

"हो."

ते थोडा वेळ कुदोंच्या पडद्याकडे बघत राहिले. "माझा वैद्य. पहिल्या दिवसापासून होता. तो मेला म्हणून लिहा."

"नक्की? जिवंतही करता येईल. मला दोन्ही सारखंच."

"नको. दारात उभा आहे म्हणालात ना. आत घ्या त्याला. निदान जागेवर असेल."

चिझुरुनं त्यांची डिस्क घातली. वैद्याचं नाव योग्य जागी नेलं, चेहरा नेला, शेवटच्या प्रवासाच्या ओळी नेल्या. मग लिहिण्याची कळ दाबली.

लाल दिवा लागला. मिनेगिशींचा हात आपोआप उचलला गेला आणि खटक्याकडे गेला, दोन वर्षांच्या सवयीनं, त्यांना कळायच्या आत.

"दिवा लाल," कुदो म्हणाले.

हात खटक्याच्या अलीकडे थांबला. चिझुरुला तिनं स्वतः घातलेली ती फट पहिल्यांदाच बाहेरून दिसली, एका माणसाच्या बोटांत. दोन वर्षं तिला वाटत होतं की ही फट म्हणजे तिनं लोकांना दाखवलेली दया आहे. दया होतीही. पण ती घ्यायची की नाही हे खेळणाऱ्याच्या हातात होतं. मिनेगिशींनी हात मागे घेऊन पोटाशी धरला, मोटर फिरली, टोक सरकलं, खरखर ऐकू आली आणि दिवा विझला. मिनेगिशींनी श्वास सोडला. मग स्वतःच कळ दाबून ते शीतघरात उतरले आणि पहिला खण ओढला.

"आहे," ते म्हणाले. बोट मात्र दाखवलं नाही. ते त्यांना अजून जमणार नव्हतं.

जेवणाच्या वेळेला माणसं पांगली. कुदोंची दुपारची पाळी होती, ते डिस्क फडक्यात बांधून गेले. हानावानं मोठा पडदा बंद केला नव्हता. वर जाऊन तो फळ्यापाशी उभा राहिला, हातात खडू.

"मी काही बोलत नाही," तो म्हणाला. "पण त्या मनोऱ्याला मी महिना घालवलाय. तेवढं लक्षात असू दे."

"लक्षात आहे. माझ्या सावल्यांना दोन महिने लागले."

"साहेबांना तो ग्रह हवाय."

"हवाच आहे," तोकिएदा जिन्यातून म्हणाले. ते वर येऊन धापा टाकत बसले, बार्लीचा चहा ओतून घेतला. "मला तो ग्रह हवाय, आणि मी सकाळी जे म्हणालो ते चुकलं, हेही मला माहीत आहे. त्यामुळे आता मी बोलणार नाही. तुम्ही बोला. फेरीबोट उद्या आहे, उमेहारा-सान."

चिझुरु खुर्चीतून उठली. तिला वाटलं होतं की हे बोलताना आवाज बारीक होईल, किंवा आधी कारणं सांगावी लागतील. कारणं सगळ्यांनी खाली बघितलेली होती. तिनं उजवा हात उचलला, बोट फळ्यावरच्या पहिल्या वर्तुळाकडे रोखलं, मग दुसऱ्याकडे.

"शीतघर राहील," ती मोठ्यानं म्हणाली. "दोन सूर्यांचा ग्रह काढते."